ओरखड्यावरची राख

तुमच्या घरातले तीन वर्षांचे मूल करवंदीच्या जाळीतून रडत बाहेर आले आणि त्याच्या नडगीवर बोटभर ओरखडा उठलेला दिसला, तर तुम्ही त्यावर काय घालता? काही घालता का, असे मी विचारत नाही. काहीतरी घालताच. हळद, चुना, तंबाखू, कोळ्याचे जाळे, चुलीतली राख. रडत्या मुलाकडे रिकाम्या हाताने जाणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. म्हणून विचारते, तुम्ही काय घालता, आणि ते तुम्हांला कोणी शिकवले?

आंदर मावळात राबाची राख घालतात. मी ते पाहिले आहे, आणि ज्या घरात पाहिले ते माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे.

ज्यांना भाताची शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी राब म्हणजे काय ते सांगते. भाताचे रोप ज्या तुकड्यात टाकायचे तो तुकडा उन्हाळ्यात आधी भाजून काढतात. जमिनीवर शेण पसरायचे, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांत वर मातीचा थर, म्हणजे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. मग ती जमीन मऊ होते, तण मरते, आणि पाऊस पडला की रोप तरारून वर येते. त्या राखेतून भात उगवतो, म्हणून तिला मान आहे. बहिणीच्या गावात पहिला राब भाजला की घरातली वडीलधारी बाई त्यातली मूठभर राख गाडग्यात भरून चुलीमागे ठेवते. वर्षभर पोरांच्या कपाळाला तीच लावायची आणि पोरांच्या खरचटण्यातही तीच भरायची.

माझे वडील लोणावळ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होते. फलाटावर कोणी वाटलेली, कोणी टाकून दिलेली पत्रके ते खिशात घालून घरी आणत. त्यांना अक्षरओळख नव्हती, मला शाळेने दिली होती. परदेशी कापड, दारू, देवीची टोचणी, विहिरीवर सर्वांचा हक्क, असे जे हाती येई ते मी मोठ्याने वाचायची आणि ते भिंतीला टेकून ऐकायचे. त्यांतले एक पत्रक लहान मुलांच्या संगोपनाचे होते. त्यात जखमेविषयी अर्धे पान मजकूर होता आणि तो मला पाठ होता. माझ्याजवळ शिदोरी म्हणून एवढेच होते.

बहिणीला, म्हणजे आक्काला, टाकव्याच्याही पलीकडे आत दिले होते. कामशेतला गाडीतून उतरून पुढे सगळी पायवाट. तिला एक मुलगा होता आणि त्याच्या पाठची एक मुलगी. मुलगा गेल्या वैशाखात गेला. टाचेला काटा ओरबाडला, दोन-चार दिवस तो हुंदडत होता, मग भाकरी चावेना. मग तोंडच उघडेना. मग पाठीची कमान झाली. गावाने सांगितले की पोराला वारं आलं, बाहेरची बाधा झाली. मातीला वडील जाऊन आले, आणि आल्यावर दाराशी बसून एवढेच म्हणाले की, त्याचे दात कोणाला उघडता आले नाहीत.

या वर्षी फाल्गुन सरता सरता आक्काचा निरोप आला. राब भाजून होईपर्यंत धाकटीला माझ्याकडे पाठवा, मला काम उरकत नाही. वडिलांनी मला गाडीत बसवून दिले. आक्काला काम कधी उरकले नाही असे मी ऐकले नव्हते, पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

घरात आक्का, तिचा नवरा म्हणजे माझे दाजी, भाची आणि दाजींची आई. या म्हातारीला मी मावशी म्हणे. तिच्याविषयी नीट सांगायला हवे, कारण अशा बाईला राक्षसीण करून टाकणे लिहिणाऱ्याला फार सोपे असते. ती राक्षसीण नव्हती. आंब्याची कोय चोखून झाली की नातीच्या हातावरचा रस ती आपल्या पदराने पुसायची आणि पदर धुवायची नाही. स्वतः ताक पीत नसे, कारण मग पोरीला पुरत नसे. गावात तिच्या हाताला गुण आहे असे म्हणत. कोणाच्या पोराला खरचटले की आया त्याला काखेत मारून तिच्याच ओट्यावर येत. ती गाडगे काढायची, राख चिमटीत घ्यायची, काहीतरी पुटपुटायची आणि भरायची. पोर चार दिवसांनी पुन्हा झाडावर चढलेले दिसायचे.

पोरगी पडली तेव्हा आम्ही सगळ्या राबावर फांद्या रचत होतो. ती बांधाच्या कडेला करवंदे शोधत होती. हिरवी करवंदे, तोंड वाकडे करत खायची. रडली म्हणून मी धावले. नडगीवर वरून खाली एक लाल रेघ, मध्ये रक्ताचे दोन-तीन मणी. एवढेच. कोणत्याही घरात रोज होते तेवढे.

मी तिला उचलून घरी आणले. पाणी चुलीवर ठेवले. वैशाखात तिथे ओढा आटलेला असतो. बायका ओढ्याच्या पात्रात खड्डा खणून झिरपणारे पाणी वाटीवाटीने घागरीत भरतात, आणि एक घागर भरायला अर्धी सकाळ जाते. तिथे पोराच्या ओरखड्यासाठी पातेलेभर पाणी उकळणे म्हणजे काय, हे नळाखाली हात धुणाऱ्याला कळणार नाही. शेजारीण दारातून पाहत होती. ती म्हणाली की लोनावळ्याची डाक्तरीण आलीया, आता गुरांनाबी ऊन पान्याची आंगोळ मिळंल. पाणी निवेपर्यंत मी साबणाने माझे हात धुतले. मग साबण लावून ओरखडा धुतला, काट्याचे टोक राहिले नाही ना ते उजेडात पाहिले.

तेवढ्यात मावशी शेतावरून आली. आल्याआल्या तिने चुलीमागचे गाडगे काढले.

"पानी कशापाई लावतीस?" ती म्हणाली. "पान्यानं पिकतंय ते."

मी म्हटले, उकळलेले आहे.

"उकाळलं म्हून काय झालं?" मग नातीकडे वाकून तिने डोळे मोठे केले. "बग गं, तुजी मावशी तुजी भाजी करतीया." पोरगी रडता रडता हसली. मावशीने गाडग्यात हात घातला.

"मावशी, राख नको," मी म्हटले.

"का बरं? इस्तवातनं निघालीया ती. इस्तवापरीस निर्मळ काय असतंय?"

हे बोलणे मूर्खाचे नव्हते. पत्रक लिहिणारासुद्धा पाणी उकळा म्हणतो, म्हणजे विस्तवावरच भरवसा ठेवतो. चूक विस्तवात नव्हती, राबात होती. राब धुमसावा म्हणून त्यावर माती घालतात, आणि जे धुमसते ते पुरते जळत नाही. तळाचे शेण अर्धे कच्चे राहते. ते ज्या जमिनीवर पसरलेले असते तिथे पीक निघाल्यापासून गुरे बसलेली असतात. राख उचलताना ती माती आणि ते शेण मुठीत येतेच. धनुर्वाताचा रोग नेमका तिथे राहतो. त्याला अंगात शिरायला एवढाच ओरखडा पुरतो, आणि वरून काही दाबून भरले की त्याला पाहिजे तशी बंद जागा मिळते.

मी हे सगळे तिला सांगू लागले, तशी आक्का दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर भारा तसाच. तिने सासूकडे पाहिले नाही.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ती शिकलीया."

मावशीने हात गाडग्यातून काढला. गाडगे चुलीमागे ठेवून दिले.

मी आक्काच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा उकळून, उन्हात दोरीवर वाळवून घेतला आणि ओरखड्यावर बांधला. रोज सकाळी सोडायचा, आधी हात धुवायचे, कडा लाल होतात का, हात लावला तर गरम लागते का, पाणी सुटते का ते पाहायचे, आणि पुन्हा धुतलेली चिंधी बांधायची. चिंधी मळली किंवा भिजली की दिवसातून दुसऱ्यांदाही. पोरीला गोठ्यात जाऊ द्यायचे नाही, आणि गोठा घराच्या आतच, एका आडव्या बांबूपलीकडे. माश्यांना तर बांबू आडवा येत नाही. खपली धरली तशी ती खाजू लागली. मी तिची नखे कापली आणि हाताला काम म्हणून लाकडी पळीच्या दांड्याला चिंधी बांधायला शिकवले. मग दिवसभर पळी आजारी. मावशी हे सगळे ओट्यावरून पाही. ती पळीची चौकशी करी, पण पोरीच्या पायाकडे बोट दाखवीत नसे.

राब पेटवला त्या दिवशी सगळे खोरे धुराने भरले होते. प्रत्येक डोंगराच्या पोटाशी कोणाचा ना कोणाचा राब धुमसत होता. आक्का आणि दाजी शेतावर होते. मी पाण्याला गेले, आणि झिऱ्यावर माझ्या आधी बऱ्याच जणी होत्या म्हणून परतायला उशीर झाला. आले तेव्हा पोरगी उंबऱ्यावर मुकाट्याने बसली होती. तिच्या पायाची गाठ माझी नव्हती. मी बाजूला एक सैल गाठ मारत असे. ही मोळीला मारतात तशी घट्ट, दुहेरी होती.

मी ती सोडली. खपली निघाली होती. तिच्या जागी करडी राख ठासून भरली होती, आणि राख अजून कोमट होती.

ती धुताना पोर किती रडली ते मी लिहीत नाही. कण न् कण काढावा लागला. घरातले उकळलेले पाणी संपले, पुन्हा उकळावे लागले. मावशी ओट्यावर पाठमोरी बसून होती. मी पोरीला कडेवर घेऊन तिच्यासमोर गेले. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली की मीच घातली, नव्या राबाची पहिली मूठ होती.

मी तिला माझे पाठ असलेले सगळे सांगितले. शेण, माती, रोग कुठे राहतो, जबडा कसा बसतो. गेलेल्या मुलाचा मी उच्चारही केला नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. माझे संपले तेव्हा तिने वर पाहिले.

"मंग त्याला कुनी मारला?"

मी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतले.

"सांग की. राखंत रोग हाय म्हंतीस. त्याच्या टाचंला राख कुनी भरली? मी भरली. ह्याच हातानं भरली, आन् वरनं पाला बांधला." तिचा आवाज चढला नव्हता. शेतातल्या कामाचे बोलावे तसे ती बोलत होती. "राख घालून ही पोर बरी झाली, तर त्यो वाऱ्यानं गेला. आन् राखंबिगर बरी झाली तर..."

आक्का शेतावरून येऊन केव्हाची परसदारी उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती ओट्यावर आली, माझ्या कडेवरून पोरगी घेतली आणि चुलीपाशी जाऊन बसली. तिला यातले काही नवीन नव्हते. एक वर्ष ती त्याच घरात, त्याच सासूला वाढत, हे जाणून गप्प राहिली होती. सुनेने हे तोंडातून काढायचे कसे? म्हणून तिने मला बोलावले होते. बोलायला नव्हे, पोरीजवळ बसायला.

दुसऱ्या दिवशी दाजींनी पोरीला खांद्यावर घेतले आणि आम्ही रस्त्यावरच्या गावी दवाखान्यात गेलो. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. कंपाउंडरने टिंक्चर लावले, जखम चांगली धुतली आहे म्हणाला. धनुर्वाताचे इंजेक्शन इथे नसते, पुण्याला असते, जबडा धरला तर लगेच घेऊन जा, असे त्याने सांगितले. जबडा धरल्यावर मावळातून पुण्याला पोहोचेपर्यंत काय उरते, हे दाजींना माहीत होते. ते हात जोडून बाहेर आले. लोणावळ्यात थंड हवा खायला येणाऱ्यांच्या बंगल्यांवर डॉक्टरची मोटार चढून जाताना मी लहानपणापासून पाहिली आहे. कुत्र्याच्या पंजाला पट्टी बांधायलाही ती गेली आहे. ती मोटार उतरून आंदर मावळात का जात नाही, याचे उत्तर मला कोणत्याही पत्रकात मिळालेले नाही.

मग वाट पाहणे सुरू झाले. हा रोग लगेच दिसत नाही. ओरखडा सुकत आला, लोक विसरले, की तो येतो. रोज सकाळी मी भाकरीचा कडक पापुद्रा पोरीच्या हातात देई आणि ती चावते कशी ते बघे. तिला वाटे हा खेळ आहे, ती मुद्दाम मोठा आवाज करून चावे. एकदा ती आळसावून तोंड मिटून बसली तर आक्काच्या हातातले पीठ तसेच राहिले. आणि माझ्या लक्षात आले की मावशीही बघते आहे. चुलीच्या पलीकडून, डोळ्याला डोळा न देता, ती नातीच्या जबड्याकडे बघत असे. पोरीने घास गिळला की ती उठून बाहेर जाई. ज्याचा राखेवर विश्वास असतो तो असा बसत नाही. ती राख तिने विश्वासाने घातलीच नव्हती. ती तिने आपल्या बचावाला घातली होती, आणि आता तोच बचाव दुसरे नातवंड नेतो की काय, हे ती रोज सकाळी पाहत होती.

पोरगी वाचली. पुन्हा खपली धरली, या वेळी कोणी हात लावला नाही, ती आपसूक गळून पडली. खाली कोवळी गुलाबी रेघ होती. ना सूज, ना पू. मी ती आक्काला दाखवली, तेव्हा आक्का तोंडात पदर घालून रडली, आणि त्या रडण्यात आनंद फार थोडा होता. इतकी साधी गोष्ट होती तर. पाणी, साबण, जुने लुगडे. तिच्या मुलाच्या टाचेलाही ते पुरले असते.

मावशी वाकली. रेघेजवळ बोट नेले आणि मागे घेतले.

"बरी झाली," ती म्हणाली.

पोरगी सवयीने तिच्या मांडीवर चढू लागली. मावशीने तिला दंडाला न धरता, कोपराने बाजूला सारले. "तुज्या आयकडं जा. माजा हात नगं तुला."

तेव्हापासून तिने त्या पोरीला हात लावलेला नाही. आक्का सांगते, वेणी घालत नाही, घास भरवत नाही, झोपलेल्या पोरीवर गोधडी ओढायची तर दाजींना हाक मारते. मी तिथे असतानाच खालच्या आळीतली एक बाई रांगते पोर घेऊन आली होती. गुडघा सोललेला. मावशी म्हणाली की माज्या हातात काय न्हाई. मी घाईने पुढे झाले, पाणी ठेवते म्हणाले, पण त्या बाईला मी कोण? ती दुसऱ्या एका म्हातारीकडे गेली आणि तिने राख भरली. ते पोरही जगले. बहुतेक जगतात. म्हणून तर राख टिकून आहे. जगलेले प्रत्येक पोर तिच्या बाजूने साक्ष देते, आणि जे जाते ते वाऱ्याच्या नावावर टाकतात.

मी त्या गावाला राखेचा धोका पटवू शकले नाही. पत्रकात फक्त हे करू नका असे लिहिलेले असते. ज्या बाईने ते आयुष्यभर केले आहे, जिने त्यापायी एक मूल पुरले आहे, तिने ते वाचून पुढे कसे जगायचे, हे त्यात लिहिलेले नसते. आणि त्याचे उत्तर मिळत नाही तोवर ती आपली राख सोडणार नाही. सोडली तर मावशीसारखी होऊन बसेल.

तेव्हा वाचणाऱ्या बाई, भाऊ, माझे एक काम करा, आणि घरात कोणाला लागायच्या आधी, आजच करा. एक जुना मऊ फडका उकळून, कडक उन्हात वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा. साबणाची वडी त्याच्याजवळ ठेवा. मग घरातल्या सगळ्यांत वडील बाईला बोलवा, आणि पाणी उकळून निववायला, आधी हात धुवायला, पोराचे खरचटणे धुऊन त्यावर तो फडका बांधायला तिला शिकवा. तुम्ही बांधू नका, तिला बांधू द्या. मागे काय झाले ते तिला विचारू नका. आणि शेजारच्या पोराच्या जखमेत राख, शेण, माती भरलेली दिसली, तर जबडा धरायची वाट न पाहता ती धुऊन काढा आणि त्याला उचलून दवाखान्यात न्या. न्यायला त्याच्या आजीलाही बरोबर घ्या. पोर तिच्याच कडेवर द्या.